वांगोबा हरवला तर दुसरा गुपचूप आणावा का?

गेल्या मे महिन्यात आम्ही बडोद्याहून सावंतवाडीला गेलो होतो. मोती तलावाच्या काठानं फिरून झालं, राजवाडा बघून झाला आणि चितारआळीत शिरलो. दुकानात लाकडी आंबे होते, केळी होती, सीताफळं होती, बैलगाड्या होत्या, भातुकलीचे अख्खे संच होते. आमच्या साडेचार वर्षांच्या कन्येनं त्यातून वांगं उचललं. जांभळं, हिरव्या देठाचं, तिच्या मुठीत जेमतेम मावणारं. "अगं, आंबा घे की," असं तिची आजी तीनदा म्हणाली. नाही, वांगंच. कुडाळला गाडीत बसेपर्यंत त्याचा वांगोबा झाला होता आणि पनवेल येईपर्यंत त्याला खिडकीजवळची जागा लागायला लागली होती.

जूनमधल्या एका रविवारी वांगोबा हरवला. कमाटीबागेत गेलो होतो. आधी प्राणी, मग म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा, मग बाहेर शेव-उसळ, मग रिक्षा. घरी येऊन चपला काढताना तिच्या लक्षात आलं.

पुढे मी काय केलं, तर कुडाळच्या मावसबहिणीला फोन केला. तिनं त्याच दुकानातून तसंच वांगं घेऊन कुरिअर केलं. ते मी पलंगाखाली सारलं आणि "अय्या, हे बघ कोण सापडलं!" असा अभिनय केला. पोरीनं ते हातात घेतलं, उलटं केलं, देठ निरखला, वास घेतला. काहीच बोलली नाही. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीची टोपली पुढे ओढली, तर खऱ्या वांग्यांच्या मधोमध ते लाकडी वांगं नीट मांडून ठेवलेलं.

त्यानंतर मी बऱ्याच आयांशी, दोन आज्यांशी आणि एका बालवाडीच्या ताईंशी या एकाच विषयावर बोलले. त्यातून हाती लागलं ते इथे क्रमानं लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: तशीच दुसरी वस्तू आणण्यात काही वाईट नाही. घोटाळा होतो तो "सापडलं" या शब्दानं. याला अपवादही आहेत, ते ओघात येतील.

पहिला अर्धा तास

वस्तू हरवल्याचं कळलं की मोठ्यांच्या तोंडून तीन वाक्यं आपोआप निघतात. "मिळेल गं, जातंय कुठे" हे पहिलं. नाही मिळालं तर आपलेच शब्द आपल्याला गिळावे लागतात, आणि बहुतेक वेळा याच गिळण्यापायी माणूस गुपचूप दुसरं आणायला निघतो. दुसरं वाक्य, "रडू नको, नवीन आणू." हे ऐकून मूल आणखी मोठ्यानं भोकाड पसरतं आणि आपल्याला नवल वाटतं. तिसरं, "तरी मी सांगत होते पिशवीत ठेव." हे मीच म्हणाले होते.

चौथं वाक्य खास आपल्या घरांतलं आहे: "काऊनं नेलं." दीड वर्षाच्या बाळापुढे ते चालून जातं. तीन वर्षांच्या मुलापुढे त्याचं काय होतं ते माझ्या दांडिया बाजारातल्या मैत्रिणीच्या घरी बघायला मिळालं. गणपतीपुळ्याहून आणलेली शिंपल्यांची होडी फुटली. आजीनं ती केरात टाकली आणि काऊवर ढकललं. दोन-अडीच महिन्यांनी पितृपक्ष आला. आजी गच्चीत पान मांडून "काव काव" करत उभी, खाली सगळे जेवणासाठी खोळंबलेले, आणि नातू हातात काठी घेऊन कावळ्यांना पिटाळतोय. "आधी माझी होडी दे!"

"देवबाप्पाकडे गेलं" हेही नको. घरातलं कुणी गेलं की आपण तेच म्हणतो, मुलं दोन्ही गोष्टी जोडतात आणि भलत्या वेळी भलतं विचारतात.

मग म्हणायचं काय? "वांगोबा दिसत नाहीये. चल, शोधू या." बास. पहिल्या अर्ध्या तासाला एवढं पुरतं.

शोधायचं ते खरोखर शोधायचं

पुढे काहीही ठरवलं तरी "आपण शोधलं" हे वाक्य तुम्हाला म्हणावं लागणार आहे, तेव्हा ते खरं असू द्या. मूल सोबत असेल तर उत्तम. आपल्यासाठी आईबाबा पलंगाखाली वाकले हे त्याला दिसतं.

सुरुवात मोबाइलमधल्या फोटोंपासून करा. प्रत्येक फोटोवर वेळ असते. आमच्या देवमाशाच्या फोटोत वांगोबा तिच्या डाव्या हातात स्पष्ट दिसत होता. नंतरच्या शेव-उसळीच्या फोटोत तिच्या दोन्ही हातांत पाव होता. म्हणजे जे काही झालं ते मधल्या पाऊण तासात, म्युझियमच्या पायऱ्या ते गाडीवरचं बाकडं एवढ्या टापूत. आमचा अर्धा दिवस त्यामुळे वाचला. सोमवारी सकाळी मी तेवढ्याच वाटेनं जाऊन आले. पहारेकऱ्याला विचारलं, गाडीवाल्याला विचारलं, झाडणाऱ्या मासींना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "रींगण? लाकडानुं?" (वांगं? लाकडाचं?) आणि शेजारणीला बोलावून त्यांनी तो फोटो पुन्हा बघितला. मिळालं नाही.

रिक्षाचे पैसे यूपीआयनं दिले असतील तर व्यवहाराच्या यादीत चालकाचं नाव असतं. त्याच खात्यावर एक रुपया पाठवून सोबत निरोप लिहिता येतो: "मागच्या सीटवर लाकडी खेळणं राहिलंय का? माझा नंबर अमुक." ही युक्ती मला उशिरा सुचली, पण चालकाचा फोन आला. त्यानं सीट उचलून बघितली होती. तिथे एक छत्री मिळाली, ती आमची नव्हती.

वस्तू रेल्वेत राहिली असेल तर १३९ वर फोन करा किंवा रेल मदद ॲपवर तक्रार नोंदवा. गाडी क्रमांक, डबा आणि बर्थ तयार ठेवा. पश्चिम रेल्वेचं सुरक्षा दल 'मिशन अमानत' खाली सापडलेल्या सामानाचे फोटो वेबसाइटवर टाकतं. तिथे बहुतेक बॅगाच दिसतात, तरी पाहायला पाच मिनिटं लागतात. हॉटेलात फोन केलात तर "खेळणं सापडलं का" असा मोघम प्रश्न विचारू नका, "नाही" असंच उत्तर येतं. खोली क्रमांक आणि निघाल्याची तारीख सांगा आणि "त्या दिवशीच्या चादरी-अभ्रे धुवायला कुणाकडे जातात" असं विचारा. झोपताना जवळ घेतलेल्या वस्तू चादरीच्या गठ्ठ्यातून धोब्याकडे पोचतात.

घरातल्या जागा: सूटकेसच्या अस्तराची फाटकी शिवण, वॉशिंग मशीनच्या दाराची रबरी कड, गाडीच्या सीटखालची पट्टी, आजीची देवळात न्यायची पिशवी. सूटकेसचं अस्तर विसरू नका. माझ्या एका सहकाऱ्यानं मुलाचा लाकडी भोवरा गुपचूप बदलला. सहा महिन्यांनी पुढच्या प्रवासासाठी बॅग काढली, तर मुलानंच अस्तरात हात घालून पहिला भोवरा बाहेर काढला. तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात दुसरा होता.

शोधाला मुदत घाला. दोन-तीन दिवस पुरे. त्याहून लांबवलं की मूल रोज संध्याकाळी नव्यानं आशा धरतं.

'ते' की 'तो'?

आता खरा निर्णय. हरवलेली वस्तू मुलासाठी नेमकी काय होती? याचं उत्तर शोधायला आपल्याला मराठीची मदत होते. वांगं नपुंसकलिंगी. दुकानात आमची लेक म्हणाली, "मला ते वांगं हवं." गाडीत म्हणाली, "त्याला खिडकी दे, तो बघतोय." लिंग बदललं की समजावं, वस्तूची आता व्यक्ती झाली. तुमच्याकडे शंख किंवा भोवरा असेल तर ते मुळातच पुल्लिंगी, तिथे क्रियापदांकडे कान द्या. "तो पडला" हे कुठल्याही भोवऱ्याबद्दल म्हणता येतं, "तो दमला" हे म्हणता येत नाही. वस्तूला भूक लागते का, थंडी वाजते का, ती रुसते का? असं असेल तर गुपचूप बदलण्याचा विचार सोडा. मुलाच्या लेखी तुम्ही एका माणसाच्या जागी त्याचा तोतया आणून बसवताय.

हे निव्वळ माझ्या मनाचं नाही. २००८ साली ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांना एक यंत्र दाखवलं. त्यात वस्तू घातली की तिची हुबेहूब नक्कल तयार होते, असं भासवणारं. साधी खेळणी मुलांनी आनंदानं घातली, नक्कल घरी न्यायलाही बरीच तयार झाली. ज्या मुलांची झोपताना जवळ लागणारी लाडकी बाहुली किंवा दुलई होती, त्यांच्यातल्या काहींनी मात्र ती यंत्रात घालूच दिली नाही. ज्यांनी घातली त्यांतल्या बहुतेकांना आपलीच परत हवी होती. सगळं दिसायला सारखं असूनही.

अशा वस्तूबद्दल ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ सालच्या लेखात लिहून ठेवलंय की ती धुतलेलीसुद्धा मुलाला खपत नाही, कारण मळ आणि वास गेला की मुलासाठी तिचं सातत्य तुटतं. आपल्याकडच्या आज्यांना हे कुठल्याही लेखाशिवाय ठाऊक असतं. सासूबाई नातीची मळकी दुपटी लपवून धुवायच्या आणि सुकल्यावर स्वतःच्या उशीखाली एक रात्र ठेवून मग परत द्यायच्या.

वस्तू अजून 'ते'च असेल, म्हणजे फ्रिजवर चिकटवायचं चुंबक, जत्रेतली शिट्टी, दिवे लागणारं कडं, तर फार डोकं शिणवू नका. दुसरं आणा. गुपचूप आणलंत तरी आभाळ कोसळत नाही. फक्त मुलानं विचारलं तर खरं सांगा.

आणखी दोन प्रकार वेगळे काढायला हवेत. एक, कुणीतरी घेऊन दिलेली वस्तू. आजोबांनी शेवटच्या सहलीत घेतलेला भोवरा हा त्यांच्या हातचा भोवरा आहे, आणि दुकानात तसे पन्नास असले तरी आजोबांनी घेतलेला एकच. तिथे बदलाबदल अजिबात नको, मूल कितीही लहान असो. पुढे कधीतरी त्याला तो भोवरा दाखवून "हा आजोबांचा" म्हणावं लागेल, तेव्हा तुमचाच आवाज अडखळेल. दोन, मुलानं स्वतः वेचलेला दगड किंवा शिंपला. इथे मोह सगळ्यात जास्त, कारण नदीकाठचे गोटे सगळे एकसारखेच वाटतात आणि मुलाला कळणारही नाही. पण त्या दगडातलं मोल त्यानं तो शोधला यात होतं, त्यामुळे पुन्हा शोधायला नेणं हीच खरी भरपाई. (जाता जाता: किनाऱ्यावर कुणी पोवळ्याचा तुकडा विकत असेल तर तो मुळातच घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पोवळ्यांना संरक्षण आहे.)

वय

दोन वर्षांच्या आतलं मूल झोपेसाठी वस्तूवर अवलंबून असतं आणि त्याला समजावून सांगणं शक्य नसतं. तिथे तशीच दुसरी मिळत असेल तर आणा, दोन रात्री स्वतःच्या अंगाखाली घ्या आणि द्या. यात मला फसवणूक वाटत नाही. मूल तापानं फणफणलंय, रात्रीचे दोन वाजलेत, हातातली वस्तू हवी म्हणून रडतंय, अशा वेळी मी वय न बघता जे शांत करेल ते करेन आणि खुलाशाचं सकाळी बघेन.

तिसऱ्या वर्षापासून मुलं खुणा ओळखू लागतात, आणि आपल्या अंदाजाहून कितीतरी बारीक.

पाच ते सातच्या दरम्यान आणखी एक गोष्ट बदलते. २०१४ साली चेल्सी हेज आणि लेस्ली कार्वर यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितलं की शेजारच्या खोलीत वाडगाभर गोळ्या आहेत, आणि मग कबूल केलं की नाहीत, तुला खेळायला बोलवायचं होतं म्हणून थाप मारली. नंतर सगळ्यांना एका खेळण्याकडे चोरून बघू नको असं बजावून एकटं सोडलं. पाच-सात वर्षांच्या मुलांत, ज्यांना थाप मारली होती त्यांच्यातल्या जास्त जणांनी चोरून पाहिलं आणि जास्त जणांनी ते नाकारलं. तीन-चार वर्षांच्या मुलांत असा फरक दिसला नाही. हा प्रयोग अनोळखी बाईच्या थापेचा होता, आईच्या नव्हे, त्यामुळे मी तो फार ताणणार नाही. पण शाळेत जाणाऱ्या मुलाचं घर असेल तर दोनदा विचार करायला तो पुरेसा आहे.

आणि मोठं भावंड असेल तर विषयच संपला. गुपित त्याच्या पोटात दोन दिवस राहतं, तिसऱ्या दिवशी भांडणात बाहेर पडतं. "तुझा वांगोबा खोटाय, आईनं पार्सलनं मागवलाय!" आमच्याकडे मोठं भावंड नाही, तरी गुपित मी, नवरा, सासूबाई, सासरे, कुडाळची बहीण आणि पार्सल घेणाऱ्या समोरच्या बेन अशा सहा जणांत होतं. बेन तर दारातच विचारत होत्या, "रींगण आव्युं?"

तशीच वस्तू मिळते तरी का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, आधी विचारायला हवा. कारखान्यात साच्यातून निघालेलं प्लास्टिक सारखंच मिळतं. हातानं केलेलं मिळत नाही.

कुरिअर येईपर्यंत धीर नव्हता म्हणून मी इथेच वांगं करवून घ्यायचं ठरवलं होतं. बडोद्याच्या माणसाला लाकूड आणि लाख म्हटलं की संखेडा आठवणारच. ओरसंगच्या काठचं हे गाव आमच्यापासून जेमतेम दीड तासावर. तिथले खरादी चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढत जाते. घराघरांतले संखेड्याचे झोपाळे तसेच झालेत. आमच्या ओळखीच्या एका काकांनी तिथल्या एका खराद्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, करून देतो, पण साग आहे, जड होईल. तिथे माझं विमान खाली आलं. सावंतवाडीची खेळणी परंपरेनं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. आकार जुळला असता, जांभळा जुळला असता, आणि हातात घेताक्षणी पोरीला कळलं असतं, कारण महिनाभर ती ते वजन मुठीत घेऊन झोपत होती.

(सावंतवाडी-बडोदा हे नातं तसं जुनं. तिथल्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले पत्ते, आणि लाकडी कामाला पुन्हा उभं करणाऱ्या राजमाता सत्वशीलादेवी भोसले माहेरच्या बडोद्याच्या गायकवाड. सासूबाई हे सावंतवाडीत प्रत्येक दुकानदाराला सांगत होत्या. सवलत मिळाली नाही.)

सावंतवाडीहूनच आलेलं वांगं वजनाला बरोबर होतं, तरी फसलं. का, ते पुढे कळलं. तेव्हा तपासायचं असेल तर चार गोष्टी तपासा: वजन, वास, कडांची झीज आणि दातांच्या खुणा. रंग सगळ्यात शेवटी. मोठी माणसं नेमका रंगच आधी बघतात.

सांगायचं कसं

दिवसा सांगा, पोट भरलेलं असताना. झोपायच्या आधी नाही. बाहेर जायच्या गडबडीत तर नाहीच. खाली बसा. वाक्यं छोटी ठेवा.

"वांगोबा हरवला. आपण बागेत शोधलं, रिक्षावाल्या काकांना विचारलं, घरात शोधलं. मिळाला नाही. आता तो मिळेल असं मला वाटत नाही. मलाही वाईट वाटतंय."

यानंतर गप्प बसणं जमलं पाहिजे. मूल रडेल. रडण्याच्या मध्ये "पण" घालून काही सुचवू नका. "पण आपल्याकडे ससा आहे ना" असं म्हणायची फार खाज येते. काही मुलं रडतच नाहीत, "बरं" म्हणून खेळायला जातात आणि तीन दिवसांनी वरणभात खाताना अचानक विचारतात, "पाऊस पडला तर तो भिजेल?" तेव्हाही तेच उत्तर, तेवढंच खरं. भिजेल. लाकूड आहे, पावसानं दुखत नाही.

"कुणाच्या चुकीनं" हा प्रश्न येतोच. चूक मोठ्यांच्या वाट्याला घ्या, ती बहुधा असतेच. साडेचार वर्षांच्या मुलीच्या एका हातात पाव दिल्यावर दुसऱ्या हातातलं वांगं कुठे जाणार हे मला कळायला हवं होतं.

घरातल्या सगळ्यांना त्याच दिवशी हेच शब्द सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही हरवला म्हणता, आजोबा म्हणतात गावी गेलाय, आत्या फोनवर म्हणते मी आणते हं दुसरा. मुलाच्या हाती तीन वांगोबांच्या तीन गोष्टी येतात आणि ते सगळ्यांत सोयीची धरतं.

दुसरा आणायचा तर उघडपणे

लगेच नको. आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या. मग मुलालाच विचारा, तसाच एक मागवायचा का? "नको" म्हणालं तर नको. "हो" म्हणालं तर त्याला सगळ्यात सामील करा. दुकानाला फोन करताना जवळ बसवा, फोटो त्यालाच पाठवू द्या, पार्सलची दोरी त्यालाच कापू द्या. आलेल्या वस्तूला जुनं नाव तुम्ही देऊ नका. द्यायचं असेल तर मूल देईल. भाऊ, मामा, शेजारी, जे नातं ते लावेल ते चालवून घ्या, आणि नातंच लावलं नाही तरी चालवून घ्या.

जुन्याचा एखादा फोटो छापून घेतला तर बरा. मोबाइलमधला फोटो मुलाच्या हाती नसतो. रावपुऱ्यात दहा मिनिटांत छापून मिळतो. आम्ही देवमाशाचा छापला. देवमासा अर्धा कापला गेलाय, वांगोबा पूर्ण आहे.

आधीच गुपचूप बदलून ठेवला असेल तर

मूल दोनच्या आतलं असेल आणि झोपत असेल तर सोडून द्या. मोठं असेल, त्याला पत्ता लागला नसेल आणि वस्तू 'ते'च असेल तरीही सोडून द्या. उगाच कबुलीजबाब देऊन स्वतःचं मन हलकं करण्यासाठी मुलाचं मन जड करण्यात अर्थ नाही. मात्र मुलानं विचारलं, "हा तोच आहे ना?", तर तिथे दुसरी थाप लावू नका.

आणि मूल विचारत नाहीये पण त्याला कळलंय असं दिसत असेल, तर आपणच तोंड उघडायचं. भाजीच्या टोपलीनंतर मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी दुपारी तिच्याजवळ बसून म्हटलं, "ते वांगं सापडलेलं नव्हतं. मी मावशीकडून मागवलं आणि तुला सापडलं म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले."

"माहितीये," ती म्हणाली. "त्याच्या देठाला माझा दात नाही."

मग तिनं फोटो आणायला सांगितला, आणि मी मोबाइलवर मोठा करून बघितला. खरंच, देठाच्या टोकाला हिरवा रंग उडून पांढरट लाकूड दिसत होतं, तांदळाएवढं. तो फोटो मी रिक्षावाल्यापासून झाडणाऱ्या मासींपर्यंत सगळ्यांना दाखवत फिरले होते.

"मग खरा कुठंय?"

"मला माहीत नाही."

तेव्हा ती रडली, वीस-पंचवीस मिनिटं. हे रडणं रविवारीच व्हायचं होतं, ते मी इतके दिवस अडवून धरलं होतं. त्यानंतर दोन आठवडे माझ्या साध्या बोलण्यालाही "खरंच?" असा प्रश्न यायचा. "आज शाळा नाही." "खरंच?" "दूध संपलंय." "खरंच?" फ्रिज उघडून दाखवावा लागायचा. चिडू नका, दाखवा.

दुसरं वांगं टाकू नका आणि मुलावर लादूही नका. आमच्याकडे ते आजही 'ते'च आहे. भाजीच्या दुकानाच्या खेळात आजोबांना दहा रुपयांना विकलं जातं आणि संध्याकाळी टोपलीत परत येतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सासूबाईंनी एकदा ते भरल्या वांग्यासाठी विळीवर धरलं होतं.

पुढच्या सहलीआधी

वस्तू फार लहान मुलासाठी असेल तर दुकानातच एकसारख्या दोन घ्या आणि पहिल्या आठवड्यापासून आलटून पालटून वापरात ठेवा. एक कपाटात कोरी ठेवलीत तर सहा महिन्यांनी ती अनोळखीच ठरते. मोठ्या मुलासाठी दोन घेऊ नका, ती गंमत घालवते.

घेतल्या दिवशीच चारही बाजूंनी फोटो काढा. तळाला पक्क्या शाईनं मोबाइल नंबर लिहा. बाहेर जाताना वस्तूची जागा ठरवा आणि खायला बसण्याआधी ती तिथे ठेवायची सवय लावा. आमच्या घरातल्या शोधांपैकी निम्म्याहून जास्त खाण्याच्या जागेपाशी येऊन थांबतात.

दिवाळीत आम्ही चांदोदला गेलो होतो. नर्मदा आणि ओरसंगच्या संगमावर लेकीनं एक चपटा, राखी रंगाचा गोटा निवडला. घाटावरच मी त्याचे चार फोटो काढले आणि नंबर लिहायला पेन उघडलं. तिनं मुठ मिटून घेतली. "त्याला टोचेल."

'त्याला.' मी पेन बंद केलं. गोट्यासाठी सासूबाईंनी खणाच्या तुकड्याची बंदाची पिशवी शिवली आहे. नंबर पिशवीवर आहे.